आरशावरच्या टिकलीची उंची

मी सातवी शिकलेला माणूस, त्यातही सातवी दोनदा. आयुष्यभर लिहिलं ते जॉबकार्डावर साइज आणि खाली सही. तेव्हा हे जमेल तसं लिहितोय.

आमच्या डोंबिवलीच्या घरात लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराला उभा आरसा. बायको रोज झोपताना कपाळावरची टिकली काढून त्या आरशावर चिकटवायची आणि सकाळी तीच परत लावायची. गोंद पार संपल्याशिवाय नवी काढायची नाही. ज्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, त्या दिवशी घाईत टिकली आरशावरच राहिली. बायको परत आली नाही. दवाखान्यात एकवीस दिवस काढले आणि गेली. लोक भेटायला आलेले, म्हणाले सवाष्ण गेली, भाग्यवान. कुणाचं भाग्य ते मला कळलं नाही.

दिवस झाल्यावर भांडीवाली बाई फडकं घेऊन आरसा पुसायला लागली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. बाई बिचारी घाबरली. नात तिथेच जेवत बसलेली. तिने सगळं पाहिलं. ही गोष्ट पुढे कामाची आहे म्हणून सांगतो.

नात म्हणजे मुलाची मुलगी. मुलगा-सून ठाण्याला राहतात, पार घोडबंदरच्या बाजूला, बाराव्या मजल्यावर. दोघं नोकरीवाले, शनिवारीही. नातीची शाळा नौपाड्यात. तिथेच एका डॉक्टरच्या दवाखान्याच्या वर हॉल आहे, त्यात दर शनिवारी दुपारी बॅले शिकवतात. ती सात वर्षांची असताना बायकोने हे अंगावर घेतलं. शनिवारी डोंबिवलीहून बसने जायचं, शाळेतून पोरीला घ्यायचं, डबा खाऊ घालायचा, क्लासला बसवायचं आणि सुटली की आमच्याकडे घेऊन यायचं. रविवारी संध्याकाळी बाप येऊन न्यायचा. बायको गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मीच मागून घेतलं. सून म्हणालेली, "बाबा, तुम्हाला एवढी दगदग कशाला?" मी म्हटलं, दगदग म्हणजे काय, मला दुसरं काय काम आहे? खरं सांगायचं तर आठवड्यातले पाच दिवस मी कुणाशी बोलायचो नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, त्याच्याशी काय बोलणार?

बॅले म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं. बायको पहिल्यांदा बघून आलेली तेव्हा म्हणाली, "अहो, तुमच्याच धंद्यातलं आहे. बाई सारखी म्हणत होती, टर्न, टर्न." मी टर्नर. एमआयडीसीत बत्तीस वर्षं लेथ चालवला. "मग मशीन कुठलं आहे?" मी विचारलं. "मशीन नाही. पोरीच फिरतात." यावरून ती चार दिवस मला हसली.

बारा वर्षांची झाल्यावर पोरीला टोकाचे बूट मिळाले. त्या बुटांचं टोक लाकडासारखं कडक असतं. पायाची बोटं आत सरळ उभी करून अख्खं अंग त्या टोकावर तोलायचं. टोक केवढं, तर आपल्या मारी बिस्किटापेक्षा लहान. त्यावर एका पायाने उभं राहायचं, दुसऱ्या पायाचं टोक गुडघ्याशी लावायचं आणि गोल फिरायचं. गुलाबी रेशमी फिती घोट्याला बांधतात, त्या शिवायचं काम बायकोचं. फितीचं टोक उसवू नये म्हणून ती देवासमोरच्या उदबत्तीवर धरून जरा जाळायची. घरात जळक्या रेशमाचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास यायचा.

बायको गेली तेव्हा पोरीला एक फेरी नीट यायची. क्लासच्या मिस म्हणजे तिशीची बारीक पोरगीच, पण सरळ बोलणारी. मला बाहेरच्या बाकावर येऊन तिने सांगितलं, "आजोबा, या वर्षी सगळ्या मुली दोन फेऱ्या करतायत. एका दमात दोन, टोकावर, दोन्ही बाजूंना. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मी बघणार. नाही आल्या तर हिला परत मऊ बुटांच्या बॅचला पाठवावं लागेल. पाय मोडून घेण्यापेक्षा ते बरं."

"ती बॅच कधी असते?"

"बुधवारी संध्याकाळी."

बुधवारी संध्याकाळी पोरीची शिकवणी. मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मग थांबवू, बाबा. तसंही आठवीचं वर्ष आहे. किती दिवस नाचणार?"

पोरगी वहीत डोकं घालून बसली. पण शनिवारी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आजोबा, मी नाही सोडणार."

"मग दोन फेऱ्या मार."

"मारतेय ना! पडते त्याला काय करू?"

तिचं नाचणं थांबलं असतं म्हणजे शनिवार थांबला असता. हे मी तिला सांगितलं नाही. पण मला ते धडधडीत दिसत होतं.

म्हणून मी लक्ष घालायचं ठरवलं. बाहेरच्या बाकावर बसून कान आत लावले. दार अर्धं उघडं असायचं. पोरी फिरायला लागल्या की मिस ओरडायची, "आउट! आउट! अजून आउट!" आणि आमच्या पोरीचं नाव घेऊन जास्तच.

आता आउट हा माझ्या घरचा शब्द. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, जॉब म्हणजे घडवायचा तुकडा धरला आणि तो बरोबर मधोमध बसला नाही, तर फिरताना लटपटतो. त्याला आम्ही म्हणतो जॉब आउट आहे. मग डायल लावायचा, काटा बघायचा आणि हातोडीने हलकं ठोकत ठोकत आउट काढायचा. आउट काढल्याशिवाय मी जन्मात कापायचं टूल लावलं नाही. मला वाटलं, एवढंच ना? हे तर मला येतं.

रविवारी सकाळी तिला आरशासमोर उभी केली. म्हटलं, फीर. ती फिरली. एक फेरी झाली आणि दुसरीच्या अर्ध्यात भेलकांडली. मी म्हटलं, "तुझा गुडघा बघ कसा बाजूला पसरतोय. वजन बाहेर फेकलं जातंय. गुडघा आत घे, समोर आण. सगळं मधल्या रेषेत पाहिजे."

"पण मिस म्हणतात..."

"मिस आउट आउट म्हणून ओरडतेय ना? मग तोच काढतोय मी."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तीन रविवार मी तिला असं ठोकून मधोमध आणलं. ओट्याला धरून उभी करायची, गुडघा समोर, हात आवळून. मी स्टुलावर बसून डायलचा काटा बघावा तसा बघायचो. सुधारत आहे असं मला वाटायचं. वाटायला काय जातं?

चौथ्या शनिवारी मिस दार उघडून बाहेर आली. घामाने डबडबलेली, कमरेवर हात.

"आजोबा, हिला घरी कोण शिकवतं?"

"मी."

"तुम्ही?"

"का? काय झालं?"

"अहो, हिची येत होती ती एक फेरीपण गेली! गुडघा पुढे आणते. मी ओरडून ओरडून मेले, आउट, आउट!"

"तेच तर काढलं," मी म्हटलं.

मग मिसला समजलं आणि ती भिंतीला टेकून हसायला लागली. आतल्या पोरी दारात जमल्या. "आजोबा, आउट म्हणजे मांडी आणि गुडघा बाहेरच्या बाजूला उघडायचा. तो पाहिजे! तो कमी पडतो म्हणून मी ओरडते. तुम्ही काढून टाकलात!"

बत्तीस वर्षं जो शब्द दोष म्हणून वापरला, तो इथे गुण निघाला. पोरी खिदळत होत्या. आमची मात्र हसत नव्हती. ती खाली बसून फिती सोडत होती.

हसून झाल्यावर मिस माझ्याशेजारी बाकावर बसली. "गुडघ्याचं मी करते दुरुस्त. पण खरी भानगड वेगळीच आहे. फिरताना हिची नजर खाली पडते. समोर डोळ्यांच्या उंचीवर एक खूण धरायची असते. अंग वळलं तरी डोळे त्या खुणेवर ठेवायचे, मान सगळ्यात शेवटी वळवायची आणि झटकन परत तिथेच यायचं. हिची हनुवटी पडते. डोकं पडलं की पाठ जाते, पाठ गेली की टोक सुटतं. मऊ बुटांत असताना हे नव्हतं. आता काय बघते देव जाणे."

बसमध्ये मी म्हटलं, "तुला माहीत होतं मी चुकीचं सांगतोय ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तीन रविवार टीव्ही लावला नाही, आजोबा," ती म्हणाली. "आणि जेवलातपण नीट."

मी तिकिटाची गुंडाळी करत बसलो.

त्या रविवारी मी तिला काही शिकवलं नाही. नुसता पलंगावर बसून बाजूने बघत होतो. ती फिरली. हनुवटी पडली, मिस म्हणाली तशीच. परत फिरली, परत तेच. मी तिची नजर कुठे जाते ते बघितलं. आरशावर, टिकलीवर.

आणि मला आठवलं. बायकोनेच तिला शिकवलेलं. पोरगी दहाची असेल. मिसने सांगितलंय खूण धर, तर कुठली धरू, असं विचारत होती. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "ती माझी टिकली आहे ना, तिच्याकडे बघ. फिरून आलीस की मला सांग, आहे का जागेवर." पोरगी फिरायची आणि ओरडायची, "आहे!" परत फिरायची, "आहे!" दुपारभर चालायचं.

तेव्हा दोघी एका उंचीच्या होत्या. बायको माझ्या खांद्यालाही लागायची नाही. टिकली तिच्या तोंडासमोर, म्हणजे दहा वर्षांच्या पोरीच्याही डोळ्यांसमोर. आता पोरगी तेरा वर्षांची आहे आणि बापावर गेलीय. त्यात टोकावर उभी राहिली की अर्धी वीत अजून वर. टिकली होती तिथेच आहे.

लेथवर टूल सेंटरच्या उंचीला लावतात. खाली लागलं तर जॉब टूलवर चढतो आणि दणका देतो. मग टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून उचलायचं. पहिल्याच वर्षी शिकवतात हे. आउटच्या मागे लागून मी तीन आठवडे घालवले आणि हे दिसलं नाही.

दिसलं तेव्हाही मी गप्प बसलो. संध्याकाळी मुलगा तिला घेऊन गेला. मग आठवडाभर मी त्या आरशासमोरून जाताना टिकलीकडे बघायचो. काढायची म्हटलं तर हात उचलायचा नाही. घरात तिचं बाकी सगळं होतं, साड्या, चपला, औषधांच्या रिकाम्या बाटल्याही. पण त्या वस्तू ठेवलेल्या होत्या. टिकली कुणी ठेवलेली नव्हती. ती उद्या सकाळी लावण्यासाठी काढलेली होती.

पुढच्या रविवारी मी पळवाट काढली. बायकोच्या खणात टिकल्यांचं अर्धं पाकीट होतं. त्यातली एक काढली, पोरीला टोकावर उभी केली, डोळ्यांची उंची धरून नवी टिकली वर चिकटवली. खालची तशीच ठेवली.

"आता वरचीकडे बघ."

ती फिरली आणि हनुवटी पडली. परत. परत.

"अगं, वरची दिसत नाही का तुला?"

"दिसते."

"मग खाली कशाला बघतेस?"

ती टाचा खाली टेकून उभी राहिली. "खालची आजीची आहे."

"ती आता तुझ्या उंचीला खाली पडते, हे कळतंय का तुला?"

"मला कधीचं माहितीय, आजोबा. मी टोकावर गेले त्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाहीस? बॅच जायची वेळ आली तुझी!"

"तुम्ही त्या मावशींना किती ओरडलात! नुसतं पुसत होत्या त्या." तिचा आवाज चढला. "मी कशी सांगणार, आजीची टिकली काढा म्हणून? तुम्ही मला काय म्हटलं असतं?"

मी काहीच म्हटलं नसतं, असं म्हणणार होतो. ते खोटं झालं असतं.

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. आम्ही दोघं ती चालू व्हायची वाट बघत असल्यासारखे उभे राहिलो. झाली आणि गेली. मग मी कपाटाजवळ गेलो.

"मी काढू का?" पोरगी म्हणाली.

"नको."

अंगठ्याचं नख घातलं. माझी नखं जाड आहेत, कामाची. टिकली सहज निघेल असं वाटलेलं, पण वर्षभरात ती काचेला धरून बसलेली. कडेने हळूहळू सुटली. काचेवर गोंदाचं गोल कडं राहिलं. टिकली माझ्या अंगठ्याला चिकटली. मी ती घेऊन पलंगावर बसलो. कुठे ठेवावी हे कळेना. देवापाशी ठेवली असती तर बायकोला आवडलं नसतं, ती म्हणायची देवाकडे कचरा नको. शेवटी माझ्या मायक्रोमीटरच्या डबीत, मखमलीवर लावली. घरातली सगळ्यात जपलेली वस्तू तीच.

"फीर," मी म्हटलं.

तिने नाक पुसलं, पाय मागे घेतला, गुडघा वाकवला आणि टोकावर चढली. एक. दोन. दुसरी फेरी वाकडी झाली, पण झाली. उतरताना पाऊल घसरलं आणि ती कपाटावर आदळली. कपाटावरची सूटकेस खाली आली. शेजारीण धावत आली, "काय पडलं?" पोरगी फरशीवर बसून हसत होती. "दोन!" तिला दोन बोटं दाखवत होती. शेजारणीला वाटलं, दोन वस्तू पडल्या.

चाचणीच्या दिवशी मला आत जाऊ दिलं नाही. बाकावर बसलो. आता मला कानाने कळायचं. टोक उचललं की फरशीवर एक टक् होतं. मग फिरताना आवाज नाही. मग टाच टेकते. दोन आवाजांच्या मधली शांतता जेवढी लांब, तेवढ्या फेऱ्या. उजवीकडची शांतता भरपूर लांब होती. डावीकडे टक् झालं, आणि लगेच पाय उड्या मारल्यासारखे वाजले. गेली, म्हटलं. आतून मिसचा आवाज आला, "पुन्हा. घाई नको. टोकावर पोचल्यावर खूण बघ." परत टक्. मी श्वास धरला. माझ्या वयात तो जास्त वेळ धरता येत नाही. सोडावा लागला तरी टाच टेकली नव्हती.

मिस बाहेर आली, म्हणाली, "आजोबा, पास. आणि एक सांगू? हिला मी मोठ्या मुलींच्यात टाकते. पाय तयार आहेत."

"शनिवारीच ना?"

"नाही, त्यांचा क्लास रविवारी सकाळी."

रविवारी मुलाला सुट्टी. तो गाडीने सोडणार, गाडीने आणणार. सूनही खूश झाली, म्हणाली, "बरं झालं, बाबा, तुमची दगदग वाचली." पोरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चांगलं झालं." झालंच की चांगलं. तिला पाहिजे होतं ते तिला मिळालं. मी नौपाड्यातून पाव किलो पेढे घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे, कडीला पिशवी अडकवायच्या वेळेला उठून दूधवाल्याला दोन दिले. तो म्हणाला, "काय विशेष?" बऱ्याच दिवसांनी मी कुणाला तरी काहीतरी सांगितलं. त्याला समजलं नाही, पण पेढे खाल्ले त्याने.

आता ती महिन्या-दीड महिन्यातून येते. शनिवार मोकळा असतो. मी दुपारी बसस्टॉपपर्यंत चालत जातो आणि परत येतो. आरसा मी पुसतो, पण ते गोंदाचं कडं सोडून. त्याच्यावर धूळ बसत गेली आणि ते काळसर गोल दिसायला लागलंय, लांबून टिकलीच वाटेल असं. भांडीवाल्या बाईंना मी सांगितलंय, ओरडणार नाही, पण तेवढं राहू द्या. त्या म्हणाल्या, "काका, मी तर कधीच सोडलंय ते."

वरची टिकली मात्र हलवावी लागते, कारण पोरगी वाढते. तिचा येण्याचा फोन आला की मी पाकिटातली नवी टिकली काढतो आणि अंदाजाने जरा वर लावतो. परवा आली. बूट बांधून आरशासमोर टोकावर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, केवढी वर लावलीत! एवढी कुठे वाढलेय मी?"

"वाढशील," मी म्हटलं. "पुढच्या वेळेपर्यंत."